लाकडी मुठीची पटाशी

९ एप्रिल

धाकट्या,

अनेक आशीर्वाद. साहेब झालास म्हणून आशीर्वाद घेणं बंद केलं नसशील, असं धरून चालते.

पत्र कामाचं आहे. पहिल्या रांगेतल्या तीन मधपेट्या बिघडल्यात. एक, चार आणि पाच. माश्या सुस्त झाल्यात, उगीच दारात बसून राहतात. काल चौकटी काढून पाहिल्या. पिल्लांच्या घरांवरची मेणाची झाकणं आत बसलीत, तेलकट दिसतात, मधेच टोचल्यासारखी भोकं. वास असा, की डिंकाची जुनी बाटली उघडी राहिली असावी. एका घरात काडेपेटीची काडी घालून बाहेर ओढली, तर आतली मेलेली अळी काडीला चिकटून तारेसारखी लांबत आली. रंग कॉफीचा. माझा जन्म या माश्यांत गेला, पण असलं कधी पाहिलं नाही. बाबांनीही पाहिलं नसावं. पाहिलं असतं तर जेवताना सांगितलं असतं. त्यांना असलं सगळं नेमकं जेवतानाच आठवायचं.

अकरा फेब्रुवारीला तू बाबांचं कपाट आवरायला आलास, तेव्हा ऊन चांगलं होतं म्हणून तू पेट्या उघडल्या होत्यास. तेव्हा ठीक होतं ना सगळं? मी खिडकीतून पाहत होते. नोकरी लागली तेव्हा बाबांनी तुला दिलेली ती लाकडी मुठीची पटाशी घेऊन तू चौकटी उचकटत होतास, आणि पाठमोरा अगदी बाबा दिसत होतास. तेव्हा बोलले नाही, तू लगेच शेफारतोस. आता लिहिते.

त्यानंतर पेट्यांत नवं काही आलेलं नाही. मार्चमध्ये मास्तरांकडून एक थवा घेतला, तेवढाच. रस्त्यापलीकडचे आपले मास्तर, पाढे चुकलास म्हणून तुझा कान लाल करणारे. ऐंशी उलटली तरी सहा पेट्या सांभाळतात. तो थवा चौदा नंबरमध्ये आहे.

तू माश्यांच्या रोगांचा तपासनीस. बाहेरच्या जगाला शिकवतोस, आता घरच्यांनाही सांग हे काय आहे ते.

अक्का

१४ एप्रिल

अक्का,

नमस्कार. पत्र दोनदा वाचलं. काडीला तार आली म्हणजे शंकेला जागाच नाही. याला आम्ही अळीकूज म्हणतो. हा सगळ्यांत वाईट रोग.

मोठ्या माशीला यात काही होत नाही. ती फक्त वाहून नेते, आणि पिल्लाला भरवताना रोगही भरवते. पिल्लू मरतं, कुजतं, वाळून घराच्या तळाशी त्याची खपली होते. त्या एका खपलीत कोट्यवधी बीजाणू असतात आणि ते लाकडात चाळीस वर्षं जिवंत राहतात. नुसतं उकळतं पाणी ओतून मरत नाहीत, स्पिरिटला दाद देत नाहीत. औषध दिलं तर रोग दबतो, मग विक्रेते आनंदाने औषध विकतात आणि रोग आनंदाने राहतो. आगीशिवाय इलाज नाही. खड्डा खणून माश्या, चौकटी, पेटी सगळं जाळायचं आणि वर माती लोटायची.

पसरतो कसा, तेही ऐक. आजारी पेटी अशक्त झाली की शेजारच्या माश्या तिचा मध लुटायला येतात आणि मधाबरोबर रोग घरी नेतात. बाकी सगळं माणसाचं कर्तृत्व. जुन्या चौकटी, हातमोजे, हत्यारं, विकत घेतलेले थवे. म्हणूनच मला मास्तरांच्या त्या थव्याची शंका येते. म्हातारा माणूस, नजर अधू, कुठून काय उचललं असेल त्यांनाही कळायचं नाही. फेब्रुवारीत मी पाहिलं तेव्हा तुझ्या पेट्या ठणठणीत होत्या, हे मात्र नीट लक्षात ठेव.

चोवीस तारखेला माझी दोन माणसं येतील. घरच्या पेट्या स्वतः तपासायच्या नाहीत असा नियम आहे, म्हणून मी येत नाही. अहवालावर सही माझीच असेल. थवा कुठून घेतला ते त्यांना सांग. लपवू नकोस, लपवण्यानेच साथी पसरतात. सोबत मी लिहिलेली पुस्तिका पाठवतोय. हसू नकोस, तिची तिसरी आवृत्ती निघाली.

तुझा धाकटा

२ मे

धाकट्या,

आशीर्वाद.

अकरा पेट्या गेल्या. तीनच्या सहा झाल्या होत्या, आणि आणखी पाच संशयावर. दिवस मावळताना जाळायचं, म्हणजे सगळ्या माश्या घरी आलेल्या असतात, असं तुझ्या माणसांनी समजावलं. बिचारे सभ्य होते. दारं चिखलाने बंद केली, आत धूर सोडला. आधी मोठा आवाज आला, मग थोडा, मग काहीच नाही. खड्ड्यात मेण वितळून वाहत होतं आणि मी नुसती बघत उभी, माझी मलाच लाज वाटली. मी रडले, सरळ सांगते. तुझ्या एका माणसाने तोंड दुसरीकडे केलं, त्याचे आभार मान.

तू सांगितलंस म्हणून मास्तरांचं नाव मी सांगितलं. दोघं तसेच रस्ता ओलांडून गेले. मास्तरांच्या सहापैकी दोन पेट्यांत रोग निघाला. सगळ्या सहा जाळल्या. जाळण्याआधी मास्तर फक्त म्हणाले, "एकदा झाकण उघडून बघू का?" तुझ्या माणसाने नाही म्हटलं. मग ते पायरीवर बसून राहिले, चष्मा पुसत.

रविवारी मधपाळ मंडळाची बैठक झाली. तुझा अहवाल वाचून दाखवला. "संभाव्य उगम: रस्त्यापलीकडील जुन्या पेट्या." संभाव्य हा शब्द फक्त वाचणाऱ्याने वाचला, ऐकणाऱ्यांपैकी कुणी ऐकला नाही. मला विचारलं, थवा त्यांचाच का? मी उभी राहून हो म्हटलं. मास्तरांचं नाव मंडळातून काढलं. दुकानदाराने त्यांच्या मधाच्या बाटल्या फळीवरून उतरवल्या. ज्या माणसांना त्यांनी हात धरून माश्या शिकवल्या, ती आता त्यांच्या दारावरून जाताना पाय उचलतात.

एक मला कळत नाही. चौदा नंबर, म्हणजे मास्तरांचा थवा, तुझ्या माणसांनी दोनदा तपासला. त्यात काही नाही. एकदम स्वच्छ. मग रोग त्याच्यातून आला कसा?

अक्का

११ मे

अक्का,

तुझं दुःख समजतं. पण शास्त्रात भावनेला जागा नसते. कधी कधी थवा रोग आणतो, शेजारच्या पेटीत सोडतो आणि स्वतः सुटतो. असं घडतं. प्रत्येक साथीचा उगम बोट ठेवून दाखवता येत नाही, आणि त्यात फार खोल जाऊन उपयोगही नसतो. आपलं काम पुढचं वाचवायचं.

मास्तरांबद्दल मलाही वाईट वाटतं. लोक चार दिवस बोलतात, मग विसरतात. तू उरलेल्या पेट्यांकडे लक्ष दे. आजारी घरातली चौकट निरोगी घरात घालू नकोस. हत्यारं ज्योतीवर लाल होईपर्यंत धर. इथे कामाचा डोंगर आहे, म्हणून थोडक्यात लिहितो.

धाकटा

२० जून

धाकट्या,

दीड महिना पत्र नाही म्हणून तुला बरं वाटलं असेल. मी तुझी पुस्तिका वाचत होते. चांगली लिहिली आहेस. पान नऊ: "एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जाताना तपासनिसाने आपली पटाशी ज्योतीवर लाल करावी. लाकडी मुठीचे हत्यार वापरू नये, कारण ते पूर्ण तापवता येत नाही."

लाकडी मुठीचं हत्यार वापरू नये.

मग मी तुझी जुनी पत्रं काढली. तीस जानेवारीचं पत्र सापडलं. नदीपलीकडच्या खोऱ्यात पंधरा दिवस अळीकुजीच्या पेट्या जाळतोय, कपड्यांना वास बसलाय, संपलं की थेट तुझ्याकडे येतो, असं लिहिलं आहेस. थेट आलास. अकरा तारखेला.

बाबांची सवय तुला आहे आणि मलाही. पेटी उघडली की झाकणाच्या आतून पेन्सिलीने तारीख टाकायची. चार नंबरचं झाकण मार्चमध्ये तडकलं म्हणून मी बदललं होतं. ते जुनं झाकण खड्ड्यात गेलंच नाही, छपरीत पडून होतं. काल उलटं केलं. तुझ्या अक्षरात अकरा फेब्रुवारी. त्या दिवशी तू तीनच पेट्या उघडल्यास, त्यानंतर वारा सुटला आणि मी तुला चहाला आत बोलावलं. एक, चार आणि पाच. मी खिडकीत होते, धाकट्या.

रोग माझ्याकडून मास्तरांकडे गेला. त्यांच्या माश्या माझ्या आजारी पेट्या लुटायला आल्या आणि घरी घेऊन गेल्या. तूच शिकवलंस.

ते झाकण मंडळात नेऊन दाखवावं असं वाटलं. पण तिथे वीस माणसं आपापल्या पेट्यांवरून येतात, त्यांच्यात ते लाकूड कसं फिरवू? आज सकाळी तेही जाळलं. आता माझ्या हातात पुरावा नाही. म्हणून तुला विचारते. पटाशी तापवली होतीस का? हो किंवा नाही लिही. शास्त्र नको.

अक्का

४ जुलै

अक्का,

नाही.

चार वेळा पत्र लिहून फाडलं. आता जे येईल ते लिहितो. पातं तापवायला गेलं की मूठ जळते. एकदा कडा काळी पडली तेव्हा मला कसंसंच झालं. त्या मुठीवर बाबांच्या अंगठ्याचा खळगा आहे, माझा अंगठा बरोबर त्यात बसतो. कामावर मी सरकारी पटाशी वापरतो, पूर्ण लोखंडी. पण खोऱ्यातल्या शेवटच्या दिवशी ती मोडली आणि बॅगेत बाबांची होती. नंतर स्पिरिटने पुसली. स्पिरिटने काही होत नाही हे मला माहीत होतं. शिकवतो ना मी तेच. तरी पुसली आणि मनाला सांगितलं, झालं.

तुझं एप्रिलचं पत्र आलं त्याच क्षणी मला कळलं होतं. आकडे वाचले आणि कळलं. मग तू मास्तरांचा थवा लिहिलास आणि मी त्याला धरून वर आलो. तू विचारणार नाहीस असं वाटलं होतं.

आता माझी बाजू ऐक. हे बाहेर गेलं तर माझी नोकरी जाईल, ते एक सोडून दे. पण उद्यापासून कुठलाही मधपाळ तपासनिसाला फाटक उघडणार नाही. म्हणेल, तुम्हीच रोग आणता. लोक पेट्या लपवतील आणि एका वर्षात सगळा भाग जाईल. मी एकवीस वर्षं फाटकं उघडून घेतलीत, अक्का. आणि मास्तरांचं म्हणशील तर, त्यांना आता गमवायला काय उरलंय? पेट्या गेल्या, वय झालं. त्यांना चार दिवस कमीपणा, आणि इकडे हजारो पेट्या. हिशेब तूच कर.

हे पत्र वाचून जाळ.

तुझा धाकटा

१९ जुलै

धाकट्या,

आशीर्वाद लिहायला हात उचलत नाही, म्हणून आज राहू दे.

जाळायचं कसं हे या घराला तू चांगलं शिकवलंस, पण पत्र जाळलं नाही.

काल मास्तरांकडे गेले. खोली तशीच, खाट, टेबल, आणि खिडकीतून दिसणारे पेट्यांचे सहा रिकामे ओटे. टेबलावर शाळेची वही. मला वाटलं कविता वगैरे लिहितात की काय म्हातारपणी. ते आपल्या चुका लिहितायत. रोग कुठून आला असेल याची यादी. एकतीस झाल्या आहेत. क्रमांक सात, पावसाळ्यात झाकण नीट बसवलं नाही. क्रमांक बारा, पाण्याच्या ताटलीतले खडे धुतले नाहीत. क्रमांक एकोणतीस, डोळ्यांना दिसत नसताना हौस सोडली नाही. प्रत्येकासमोर तारीख. नीट आठवून आठवून लिहिलंय, आणि एकाचाही रोगाशी काही संबंध नाही.

मग त्यांनी माझी माफी मागितली. माझ्यामुळे तुझ्या अकरा पेट्या गेल्या, म्हणाले. हात जोडले. ऐंशी वर्षांचा माणूस, ज्याने मला अक्षर गिरवायला शिकवलं, तो माझ्यासमोर हात जोडून उभा आणि मी मूग गिळून बसलेली. का, तर तू स्वतः सांगशील अशी माझी आशा. मला माझीच किळस आली. बोट तुझं असेल, पण बैठकीत उभं राहून दाखवलं मी.

गमवायला काय उरलंय म्हणतोस. वही संपत आली आहे, तेवढी उरली आहे.

बैठक तीस ऑगस्टला आहे. त्याआधी मंडळाला पत्र लिही. चार ओळी पुरे: रोग माझ्या पटाशीतून आला, मास्तरांचा दोष नाही. बाकी तुझी नोकरी, तुझी फाटकं, तुझं तू बघ. तू लिहिलंस तर मी तुझं हे पत्र कुणाला दाखवणार नाही. शब्द देते.

अक्का

२२ ऑगस्ट

अक्का,

मंडळाला कार्यालयातर्फे पत्र पाठवलं आहे. मजकूर असा: "फेरतपासणीनंतर सदर साथीचा उगम निश्चितपणे सांगता येत नाही, असे कळविण्यात येते." यात मास्तरांवरचा ठपका निघतो. शिवाय मी खटपट करून त्यांच्यासाठी सहा नव्या पेट्या मंजूर करून घेतल्यात, माश्यांसकट. यापेक्षा जास्त माझ्याच्याने होणार नाही. तू हे समजून घेशील.

पटाशी वेगळ्या पार्सलने पाठवतोय. घरात ठेववत नाही आणि फेकवत नाही. तिचं काय करायचं ते तू ठरव.

धाकटा

६ सप्टेंबर

धाकट्या,

बैठक झाली. चिटणीसांनी तुझं कार्यालयाचं पत्र वाचलं. ऐकून मागून एकजण म्हणाला, जुना विद्यार्थी साहेब आहे ना तिथे, मास्तरांवर पांघरूण घालतोय. लोक हसले. तुझ्या त्या पत्राने मास्तरांचा ठपका निघाला नाही, वर वशिल्याचा आणखी एक बसला.

मास्तर दाराजवळच्या खुर्चीत होते. मीच आग्रह करून आणलं होतं, म्हटलं तुमच्या देखत नाव साफ होऊ दे. मी उठले आणि तुझं चार जुलैचं पत्र वाचायला लागले. एक वाक्य गाळायचं असं घरून ठरवून गेले होते, खाली पेन्सिलीने रेघही मारली होती. पण आवाज चढलेला, वाचायच्या भरात रेघ दिसली नाही. "त्यांना आता गमवायला काय उरलंय?" हे मी मास्तरांसमोर मोठ्याने वाचलं. वाचून झाल्यावर कळलं. मास्तर उठले, काठी घेतली आणि गेले.

त्यांचं नाव मंडळात परत घातलं. दुसऱ्या दिवशी दुकानदार स्वतः बाटल्या मागायला गेला, तर द्यायला मध कुठे होता. मी गेले तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, "अक्षर बरं आहे का गं त्याचं अजून?" मी हो म्हटलं. वही टेबलावर नव्हती. तुझ्या सहा पेट्या त्यांनी परत पाठवल्या, ओट्यांवर आता कपडे वाळत घालतात.

आणि तुझं भविष्य खरं ठरलं, तो आनंद तुला मिळायलाच हवा. मंडळाने ठराव केला, यापुढे तपासनिसाला आत घ्यायचं नाही. बैठकीला आठवडा झाला नाही तोवर दोन ठिकाणी पेट्यांवर गोणपाट टाकून त्या गोठ्यामागे हलवलेल्या मी पाहिल्या. गोणपाटाखालून तोच डिंकाचा वास. विचारलं तर म्हणतात, काही नाही, उन्हाने झालंय. मी सकाळपासून फाटकाफाटकाशी जाते, काडेपेटी आणि पटाशी घेऊन. काही जण आत घेतात. काही जण म्हणतात, तुझ्याच भावाची करणी. त्यांना काय उत्तर देऊ? तू खोटं बोललास म्हणून हे झालं, आणि मी खरं बोलले म्हणूनही झालं. माझ्या वाट्याचं मी निस्तरतेय. तुझ्या कार्यालयाने तुझं काय केलं ते मला कळवू नकोस.

तुझं पार्सल मिळालं. कागद काढला, मूठ हातात घेतली. अंगठ्याचा खळगा खरंच आहे, माझाही अंगठा बसतो. मग शेगडी पेटवली, वर चहाचं आधण ठेवलं आणि खाली निखाऱ्यांत पटाशी खुपसली. पाण्याला उकळी फुटायच्या आत मूठ जळून गेली. पातं लाल झालं, बाहेर काढलं, गार झालं. त्याला काही झालेलं नाही. मुठीच्या जागी चिंधी गुंडाळली आणि आता तेच वापरते, दर फाटकाशी चिंधी जाळते आणि पातं लाल करते.

एवढंच करायचं होतं, धाकट्या. चहा उकळतो तेवढा वेळ.

अक्का